आठ गाड्या पुरतील का? रुग्णवाहिका सेवेची क्षमता गणिताने ठरवताना

नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर सगळ्या गाड्यांपुढे 'व्यस्त' दिसतंय आणि तेवढ्यात फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी सांगतंय की वडिलांच्या छातीत दुखतंय, दरदरून घाम सुटलाय. फोन घेणारा पत्ता लिहून घेतो, धीर देतो, काय करायचं ते सांगतो, पण पाठवायला त्याच्याकडे गाडी नसते. रुग्णवाहिका सेवेचं नियोजन म्हणजे ही वेळ किती वेळा येऊ द्यायची, हे आधीच ठरवून ठेवणं. ती कधीच येणार नाही अशी हमी कुठल्याही सेवेला देता येत नाही. वर्षातून दोनदा येणं आणि आठवड्यातून दोनदा येणं यांत मात्र माणसांच्या जिवाचा फरक आहे, आणि तो फरक आधी मोजता येतो.

बऱ्याच ठिकाणी गाड्यांची संख्या साध्या भागाकाराने काढतात. दिवसाला ९६ कॉल येतात, प्रत्येक कॉलला गाडी ७५ मिनिटं गुंतते. एकूण काम १२० तासांचं, एक गाडी दिवसाला २४ तास धावते, म्हणजे पाच गाड्या. हिशोबात चूक काही नाही. पण या पाच गाड्या क्षणभरही मोकळ्या न राहता धावल्या तरच काम उरकेल, आणि त्यासाठी आजारी माणसांनी एकामागोमाग एक, रांगेत, ठरल्या वेळी आजारी पडायला हवं. खरोखर पाचच गाड्या ठेवल्या तर रांग वाढतच जाईल. तेव्हा किती जास्त ठेवायच्या, आणि त्या कुठे उभ्या करायच्या, हे पायरी पायरीने पाहू. हाच ९६ कॉलचा दाखला शेवटपर्यंत वापरतो, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. कागद-पेन्सिल आणि एक स्प्रेडशीट एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

पायरी १: उद्दिष्ट आकड्यात लिहा

'लवकर पोचणं' हे उद्दिष्ट नव्हे. कोणत्या रुग्णाकडे, किती मिनिटांत, शंभरातल्या किती वेळा, आणि घड्याळ कधी सुरू झालं असं धरायचं, ही चारही उत्तरं लिहून काढा. इंग्लंडमध्ये २०१७ पासून वापरात आलेली मानकं याचा चांगला नमुना आहेत. जिवावरच्या पहिल्या श्रेणीसाठी सरासरी ७ मिनिटं आणि दहापैकी नऊ वेळा १५ मिनिटांच्या आत. दुसऱ्या श्रेणीसाठी सरासरी १८ मिनिटं आणि दहापैकी नऊ वेळा ४० मिनिटांच्या आत. सरासरीबरोबर ९०वा पर्सेंटाइल दिला आहे, तो महत्त्वाचा. सरासरी चांगली दिसत असतानाही शेवटच्या दहा टक्के लोकांचे हाल चाललेले असू शकतात, आणि ते बहुतेक करून दूरच्या वस्तीतले असतात.

श्रेणी वेगळ्या करायचं कारण वैद्यकीय आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि विजेचा झटका यांपैकी काहीच मिळालं नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मनगट मोडलेल्या माणसाला वेदना होतात, पण त्याचं घड्याळ इतक्या वेगाने पळत नाही. दोघांना एकाच मापाने मोजलं तर प्रतिरूप (म्हणजे आपलं गणिती मॉडेल) दोघांवरही अन्याय करतं.

पायरी २: नोंदी तपासा, आणि यात घाई करू नका

माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. सूत्रं शंभर वर्षं जुनी आहेत, ती चुकत नाहीत. चुकतात त्या नोंदी. एका कॉलचा प्रवास उदाहरणादाखल बारकाईने पाहू:

रात्री २:१४ – फोन उचलला.
२:१६ – गाडीला निरोप गेला.
२:१८ – गाडी निघाली.
२:३० – इमारतीच्या दाराशी पोचली.
२:३३ – तिसऱ्या मजल्यावर, रुग्णाजवळ.
२:५१ – रुग्णाला घेऊन निघाली.
३:०८ – रुग्णालयाच्या दारात.
३:३३ – रुग्ण रुग्णालयाच्या ताब्यात.
३:४६ – स्ट्रेचर धुऊन, ऑक्सिजन तपासून गाडी पुन्हा मोकळी.

गाडी निघण्यापासून दाराशी पोचेपर्यंत १२ मिनिटं, आणि अहवालात बहुधा हाच आकडा जातो. रुग्णाच्या घरच्यांनी मात्र १९ मिनिटं वाट पाहिली. नियोजनाला लागणारा आकडा तिसराच आहे. २:१६ ते ३:४६ अशी ही गाडी ९० मिनिटं दुसऱ्या कुणाच्याही कामाची नव्हती. या वेळेला 'गुंतवणूक वेळ' म्हणू. त्यातही रुग्णालयाच्या दारातली २५ मिनिटं पाहून ठेवा, पुढे त्यांचा हिशोब लागणार आहे.

नोंदी तपासताना पुढच्या गोष्टी हटकून सापडतात. चालकाने 'पोचलो' हे बटण दाबायचं विसरून ते रुग्णालयात गेल्यावर दाबलेलं असतं, म्हणून प्रवास चाळीस मिनिटांचा आणि घटनास्थळचा वेळ शून्य सेकंद. एकाच अपघातासाठी सहा जणांनी फोन केलेले असतात आणि ते सहा कॉल म्हणून मोजलेले असतात. अर्ध्या वाटेत रद्द झालेले कॉल कुणीतरी गाळून टाकलेले असतात, पण गाडी तर त्यातही वीस मिनिटं गुंतलेलीच होती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गाडी नाही म्हणून ज्यांना नकार मिळाला किंवा वाट पाहून जे रिक्षाने निघून गेले, त्यांची कुठे नोंदच नसते. फक्त पुरवलेल्या कॉलवर नियोजन केलं तर आजची कमतरता उद्याच्या आराखड्यात जशीच्या तशी उतरते. म्हणून न पुरवलेल्या कॉलची नोंद नसेल, तर ती आजपासून सुरू करा. तीन महिन्यांत पुरेसा अंदाज येतो.

पायरी ३: मागणीचं रूप ओळखा

आठवड्याचे १६८ तास घ्या आणि वर्षभराच्या नोंदींतून प्रत्येक तासाची सरासरी काढा: सोमवार सकाळी ९ ते १०, शनिवार रात्री ११ ते १२, अशी. सण, पावसाळा, उष्णतेची लाट अशा दिवसांना वेगळी खूण करा. ते सरासरीत मिसळले तर दोन्हीकडे फसवतात.

आता या १६८ खान्यांपैकी प्रत्येकातली कॉलची संख्या सरासरीभोवती किती हेलकावे घेते, ते पाहा. एकमेकांशी संबंध नसलेले लोक आपापल्या कारणाने फोन करतात, तेव्हा तासाच्या कॉलची संख्या पॉइसाँ वितरणाच्या जवळ जाते. ताडून पाहायची सोपी खूण अशी की त्या खान्याचं प्रचरण (व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) सरासरीच्या आसपास असतं. ते फार मोठं निघालं, तर वेगवेगळ्या प्रकारचे तास एकत्र झालेत किंवा एकाच घटनेचे अनेक फोन मोजले गेलेत.

आपल्या दाखल्यात तासाला सरासरी ४ कॉल आहेत. पॉइसाँप्रमाणे एखाद्या तासात ८ किंवा त्याहून जास्त कॉल यायची शक्यता सुमारे ५ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण आठवड्याच्या १६८ तासांपैकी आठ-नऊ तास असे निघतात. मागणी दुप्पट झाली म्हणून कुठे मोठी दुर्घटना शोधायला नको. नेहमीच्या आठवड्यातच हे होत राहतं.

पायरी ४: रांगेचं गणित

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली फोन कॉल पॉइसाँ वितरणाने येतात हे दाखवलं आणि १९१७ साली किती वाहिन्या लागतील याची सूत्रं दिली. वाहिनीच्या जागी गाडी ठेवा, तीच सूत्रं लागू पडतात.

आधी भार काढा: तासाचे कॉल × गुंतवणूक वेळ तासांत. ४ × १.२५ = ५. या एककाला एर्लांगच म्हणतात. ५ एर्लांग भार म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी पाच गाड्या कामात. सुरुवातीचा भागाकार हाच होता.

स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात गाड्यांची संख्या ०, १, २, ३ अशी लिहा. शेजारच्या रकान्याला 'अडण्याची शक्यता' म्हणू. शून्य गाड्यांसमोर १ लिहा. पुढच्या प्रत्येक ओळीत (भार × वरच्या ओळीचा आकडा) ÷ (गाड्यांची संख्या + भार × वरच्या ओळीचा आकडा) हे सूत्र घालून खाली ओढा. भार ५ असताना एका गाडीला ०.८३३, दोनला ०.६७६, आणि उतरत उतरत आठ गाड्यांना ०.०७० येईल. व्यस्त गाड्या दिसताच कॉल दुसऱ्या सेवेकडे वळवला जात असेल, तर ७ टक्के कॉल वळवावे लागतील असा याचा अर्थ.

बहुतेक सेवांत कॉल वळत नाही, थांबतो. त्यासाठी तिसरा रकाना, 'थांबण्याची शक्यता': गाड्या × अडण्याची शक्यता ÷ [गाड्या − भार × (१ − अडण्याची शक्यता)]. आठ गाड्यांसाठी ८ × ०.०७० = ०.५६०. छेदात ८ − ५ × ०.९३० = ३.३५. उत्तर ०.१६७, म्हणजे सहापैकी एका कॉलला थांबावं लागणार. सगळ्या कॉलची मिळून सरासरी प्रतीक्षा हवी असेल तर ही शक्यता × गुंतवणूक वेळ ÷ (गाड्या − भार). पूर्ण तक्ता असा येतो:

६ गाड्या – थांबण्याची शक्यता ५९ टक्के, सरासरी प्रतीक्षा ४४ मिनिटं
७ गाड्या – ३२ टक्के, १२ मिनिटं
८ गाड्या – १७ टक्के, सव्वाचार मिनिटं
९ गाड्या – ८ टक्के, दीड मिनिट
१० गाड्या – ३.६ टक्के, अर्धा मिनिट

हा तक्ता मी ज्यांना ज्यांना दाखवतो, ते सहावरून सातवर येताना थबकतात. एक गाडी वाढली आणि प्रतीक्षा ४४ मिनिटांवरून १२ वर आली. नववरून दहावर जाताना मात्र एकच मिनिट वाचलं. दोन्ही वेळा खर्च सारखाच, फायद्यात जमीन-अस्मानाचं अंतर. दहा गाड्यांच्या ओळीत गाड्या निम्मा वेळ मोकळ्या आहेत, हेही लपवू नका. खर्च पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्या रिकाम्या दिसतील. पण पुढचा फोन येईल तेव्हा जी पाठवता येते ती याच रिकाम्या वेळातली गाडी. गाड्या ८३ टक्के वेळ कामात असणं हे कारखान्यात शाबासकीचं लक्षण असेल, इथे त्याचा अर्थ ४४ मिनिटांची प्रतीक्षा असा आहे.

सरासरीने समाधान होत नसेल तर दहा मिनिटांहून जास्त थांबावं लागण्याची शक्यताही काढता येते. आठ गाड्यांना ती ११ टक्के, नवांना ५ टक्क्यांच्या जरा खाली, दहांना २ टक्क्यांच्या आत. पहिल्या पायरीत लिहिलेल्या उद्दिष्टाशी ताडायचा आकडा हाच.

आता रुग्णालयाच्या दारातल्या त्या मिनिटांकडे येऊ. समजा खाटा भरल्यामुळे रुग्ण ताब्यात घ्यायला १५ मिनिटं जास्त लागू लागली. गुंतवणूक वेळ ७५ वरून ९०, भार ५ वरून ६. कॉल तेवढेच, गाड्या आठच. थांबण्याची शक्यता १७ वरून ३६ टक्के होते आणि सरासरी प्रतीक्षा सव्वाचार मिनिटांवरून १६ मिनिटांवर जाते. ती पूर्ववत करायला एक गाडी वाढवून भागत नाही. नऊ गाड्यांनाही प्रतीक्षा जवळजवळ सहा मिनिटं राहते, दहावी आणावी लागते. म्हणून गाड्या मागण्याआधी रुग्णालयाशी बोलणी करा. दारातली पंधरा मिनिटं कमी करणं हे दोन गाड्यांएवढं काम आहे, आणि दोन्ही टेबलांवर बसलेल्यांना हा आकडा दाखवता येतो.

एक सावधगिरी. थांबण्याचं सूत्र गुंतवणूक वेळ घातांकी वितरणाने बदलते असं धरतं, म्हणजे बऱ्याच वेळा थोड्या आणि काही फार लांब. खऱ्या वेळा इतक्या विखुरलेल्या नसतात, त्यामुळे सूत्र प्रतीक्षा थोडी वाढवून सांगतं. क्षमता ठरवताना ही चूक सुरक्षित बाजूची आहे. अडण्याच्या सूत्राला तर वितरण कसं आहे याने फरकच पडत नाही, त्याला फक्त सरासरी लागते.

पायरी ५: दिवस आणि रात्र एकत्र करू नका

वरचा सगळा हिशोब तासाला ४ कॉल धरून केला. आता समजा दिवसाच्या बारा तासांत तासाला ६ आणि रात्रीच्या बारा तासांत तासाला २ कॉल येतात. एकूण ९६ च. दिवसभर-रात्रभर आठ गाड्या ठेवल्या तर दिवसाचा भार ७.५ होतो. आठ गाड्यांवर हा भार असाच राहिला तर सरासरी प्रतीक्षा दोन तासांवर जाते, आणि रात्री गाड्या नुसत्या उभ्या राहतात. कागदावरची सरासरी सव्वाचार मिनिटंच म्हणत राहते.

त्याच गाडी-तासांत दिवसा ११ आणि रात्री ५ गाड्या ठेवा. दिवसाची सरासरी प्रतीक्षा पावणेचार मिनिटं, रात्रीची चार मिनिटांच्या जरा आत. एकही गाडी-तास न वाढवता हे झालं. म्हणून क्षमता वाढवायचा विचार करण्याआधी पाळ्यांचा तक्ता मागणीच्या तक्त्यावर ठेवून पाहाच.

यात एक बारकावा. गाड्यांचा ताण कॉलच्या मागून येतो. कॉलचा कळस सकाळी १० वाजता असेल, तर गाड्या सर्वांत जास्त गुंतलेल्या असतात ११ च्या सुमाराला, कारण दहाला निघालेल्या अजून परतलेल्या नसतात. पाळी बदलायची वेळ या कळसावर पडली तर त्या अर्ध्या तासात निम्मी सेवा गॅरेजमध्ये उभी असते. पाळ्यांच्या सुरुवाती अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकवल्या तर हे टळतं.

पायरी ६: अंतराचा हिशोब

आतापर्यंतच्या गणितात सगळ्या गाड्या जणू एकाच जागी उभ्या आहेत. प्रत्यक्षात रुग्णाला दोन प्रकारे उशीर होतो: गाडी मोकळी नसते म्हणून, आणि मोकळी असलेली लांब असते म्हणून. दुसरा प्रकार पहिल्याच्या खूप आधी सुरू होतो.

पीटर कोलेसर आणि एडवर्ड ब्लम यांनी १९७३ साली न्यूयॉर्कच्या अग्निशमन गाड्यांच्या अभ्यासातून वर्गमुळाचा नियम मांडला. सरासरी अंतर हे (क्षेत्रफळ ÷ मोकळ्या गाड्या) याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. काटकोनात जाणारे रस्ते आणि विखुरलेल्या गाड्या धरल्या तर गुणक सुमारे ०.६३ येतो. समजा क्षेत्र ४०० चौरस किलोमीटर आणि वेग ताशी ३० किलोमीटर आहे. सरासरी मोकळ्या गाड्या म्हणजे एकूण गाड्या वजा भार. आठ गाड्यांपैकी ३ मोकळ्या, तेव्हा अंतर ७.३ किलोमीटर, म्हणजे साडेचौदा मिनिटं. दहापैकी ५ मोकळ्या असतील तर ५.६ किलोमीटर, सव्वाअकरा मिनिटं. आणि एकच मोकळी उरली असेल तेव्हा १२.६ किलोमीटर, पंचवीस मिनिटं. रांग लागलेली नाही, पडद्यावर एक गाडी हिरवी दिसतेय, आणि तरीही रुग्णापर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं. मोकळ्या गाड्या कधी पाच तर कधी एक असतात, त्यामुळे खरी सरासरी वरच्या आकड्यांहून थोडी वाईटच निघते.

याच नियमाची दुसरी बाजू अशी की अंतर निम्मं करायला मोकळ्या गाड्या चौपट लागतात. शिवाय हे चक्र स्वतःला वाढवत नेतं. मोकळ्या गाड्या कमी, म्हणून प्रवास लांब. प्रवास लांब, म्हणून गुंतवणूक वेळ जास्त. गुंतवणूक वेळ जास्त, म्हणून मोकळ्या गाड्या आणखी कमी. म्हणून अंतराने वाढलेला प्रवास गुंतवणूक वेळेत घालून चौथी पायरी पुन्हा करा, आकडे स्थिरावेपर्यंत. तीन-चार फेऱ्यांत ते बहुधा स्थिरावतात. स्थिरावलेच नाहीत, तर तेवढ्या गाड्यांत ती सेवा चालणार नाही हेच उत्तर आहे.

प्रवासवेळ काढताना नकाशाच्या ॲपमधला वेळ जसाच्या तसा घेऊ नका. सायरन लावलेली गाडी वेगळी धावते. स्वतःच्या नोंदींतून अंतर आणि वेळ यांचा आलेख काढा. थोड्या अंतरावर वेळ अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढताना दिसेल, कारण गाडी वेग पकडेपर्यंत थांबायची वेळ येते. लांबच्या पल्ल्यावर आलेख सरळ होतो.

पायरी ७: गाड्या कुठे उभ्या करायच्या

या प्रश्नावर १९७१ पासून काम झालं आहे. कॉन्स्टंटाइन टोरेगास आणि सहकाऱ्यांनी विचारलं: प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वेळेत गाडी पोचेल यासाठी कमीत कमी किती तळ (गाड्या उभ्या करायच्या जागा) लागतील? उत्तर बहुतेक वेळा परवडण्यापलीकडचं येतं. १९७४ साली रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी प्रश्न उलटा केला: इतकेच तळ असतील तर जास्तीत जास्त किती लोकांपर्यंत वेळेच्या आत पोचता येईल? दोन्ही प्रतिरूपांत एक उणीव राहते. तळावर गाडी आहे म्हणजे ती मोकळीच आहे असं ती धरतात.

१९८३ साली मार्क डॅस्किन यांनी ती भरून काढली. गाडी व्यस्त असण्याची शक्यता धरा. तळावरची पहिली गाडी (१ − शक्यता) एवढं काम देते. दुसरी फक्त पहिली व्यस्त असतानाच उपयोगी, म्हणून तिचं काम (१ − शक्यता) × शक्यता. तिसरीला आणखी एकदा शक्यतेने गुणा. हे हाताने करून पाहण्यासारखं आहे. तीन भाग घ्या, एकमेकांपासून लांब. पहिल्यातून शंभरातले ५० कॉल येतात, दुसऱ्यातून ३०, तिसऱ्यातून २०. गाड्या तीन.

गाड्या ३० टक्के वेळ व्यस्त असतील तर पहिल्या भागात पहिली गाडी ५० × ०.७ = ३५ कॉल झेलते, दुसऱ्यात २१, तिसऱ्यात १४. पहिल्या भागात दुसरी गाडी ठेवून १०.५ च मिळतात. म्हणून प्रत्येकी एक. गाड्या ६० टक्के वेळ व्यस्त झाल्या की पहिल्या भागात पहिली गाडी २०, तिथेच दुसरी १२, दुसऱ्या भागात पहिली १२, आणि तिसऱ्या भागात ८. तिसऱ्या भागाला गाडी मिळत नाही.

इथे थांबून विचार करायलाच हवा. सेवेवर ताण वाढला की हे प्रतिरूप दाट वस्तीकडे गाड्या ओढतं आणि विरळ वस्तीला उघडं टाकतं. गणित चूक नाही, आपण त्याला एकूण कॉल वाढवायला सांगितलं होतं, ते त्याने केलं. तिसऱ्या भागातल्या वीस जणांना आपण काय देणं लागतो, हे त्याला सांगितलंच नव्हतं. ते बंधन म्हणून लिहा: कुठल्याही वस्तीला अमुक मिनिटांत एक गाडी पोचलीच पाहिजे. मग सोडवा, आणि या बंधनामुळे एकूण किती कॉल कमी झेलले गेले तेही अहवालात ठेवा. आपल्या उदाहरणात तिसरी गाडी तिथे ठेवली तर शंभरातले ४ कॉल कमी. हा निर्णय लोकप्रतिनिधींनी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आकडा समोर ठेवून घ्यायचा आहे. तो संगणकाच्या आत कुणाला न दिसता घेतला जाऊ नये.

तळांची हद्द कडक ठेवायचा मोहही टाळा. ५ एर्लांगचा भार दहा गाड्यांवर एकत्र असेल तर ३.६ टक्के कॉलना थांबावं लागतं. तोच भाग दोन तुकड्यांत वाटून प्रत्येकाला ५ गाड्या दिल्या आणि एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही असं ठरवलं, तर १३ टक्क्यांना. छोट्या सेवांना लोकसंख्येच्या मानाने जास्त गाड्या का लागतात, त्याचं कारणही हेच.

गाड्या एकमेकींच्या मदतीला जातात तेव्हा कोणती गाडी किती व्यस्त राहील हे काढायला रिचर्ड लार्सन यांचं १९७४ चं हायपरक्यूब प्रतिरूप आहे. प्रत्येक गाडी मोकळी किंवा व्यस्त, म्हणून आठ गाड्यांना २५६ अवस्था, वीस गाड्यांना दहा लाखांहून जास्त. लहान सेवेला ते चालतं, मोठ्या सेवेसाठी त्याचं अंदाजे रूप वापरतात.

पायरी ८: संगणकावर वर्षभर सेवा चालवून पाहा

सूत्रांनी आठ ते अकरा अशी एक पट्टी दिली की पुढचं काम सिम्युलेशनचं. खऱ्या नोंदींतले कॉल एकेक करून सोडायचे, जवळची मोकळी गाडी पाठवायची, तिला नोंदीतल्या खऱ्या वेळेइतकं गुंतवून ठेवायचं, आणि प्रत्येक रुग्णाची प्रतीक्षा लिहून घ्यायची. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा माणूस साधं रूप आठवड्याभरात उभं करतो.

पहिलं सिम्युलेशन आजच्या गाड्यांचं आणि गेल्या वर्षाच्या कॉलचं करा. त्यातून गेल्या वर्षाच्या खऱ्या प्रतीक्षा निघाल्या नाहीत, तर पुढचं काही करू नका. तासागणिक आणि भागागणिक ताडा, कारण एकूण सरासरी योगायोगानेही जुळते. फरक सापडला की नियंत्रण कक्षात जाऊन बसा. तिथले अनुभवी लोक एखादी गाडी मुद्दाम राखून ठेवतात, घाट उतरायला अमुक चालकालाच पाठवतात, आणि हे कुठल्याच नियमपुस्तकात नसतं. प्रत्येक पर्याय वेगवेगळ्या यादृच्छिक क्रमांनी किमान तीस वेळा चालवा, आणि एका आकड्याऐवजी पट्टा सांगा.

गाड्या राखून ठेवण्याचा नियमही इथेच तपासता येतो. दोनच गाड्या मोकळ्या उरल्या की मनगट मोडलेल्याला थांबवायचं आणि त्या छातीत दुखणाऱ्यासाठी ठेवायच्या. एकही गाडी न वाढवता जिवावरच्या रुग्णांची प्रतीक्षा घटते, बाकीच्यांची वाढते. किती घटते आणि किती वाढते, ते पाहून मगच नियम लावा.

पायरी ९: गाड्यांवरून माणसांवर

आठवड्याचे १६८ तास एक गाडी रस्त्यावर ठेवायची आहे. माणसाचा करार ४० तासांचा असला तरी रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता समजा ३२ तास हाती लागतात. १६८ ÷ ३२ = ५.२५. दोन जणांची गाडी म्हणजे साडेदहा माणसं. ३२ हा आकडा स्वतःच्या हजेरीपटावरून काढा. तो ३० निघाला तर एका गाडीला ११.२ माणसं लागतात, आणि दहा गाड्यांना सात माणसं जास्त. ही सात माणसं आराखड्यात नसली की त्यांचं काम उरलेल्यांच्या जादा पाळ्यांतून निघतं, मग आजारपण वाढतं आणि ३२ चे ३० होतात. दुरुस्तीत असणाऱ्या गाड्यांसाठी वेगळ्या राखीव गाड्या धरा. वरचे सगळे आकडे रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचे आहेत.

पायरी १०: चालू झाल्यावर

दर तीन महिन्यांनी दोनच गोष्टी पुन्हा मोजा: तासागणिक कॉल आणि गुंतवणूक वेळ. यांपैकी एकही दहा टक्क्यांनी सरकली की चौथ्या पायरीचा तक्ता नव्याने काढा. आठवड्याला एक तिसरा आकडाही भिंतीवर लावा: एकही गाडी मोकळी नव्हती अशी किती मिनिटं गेली, आणि त्या मिनिटांत किती फोन आले. हे नोंदींतून थेट निघतं, त्याला सूत्र लागत नाही. आठ गाड्या आणि ५ एर्लांग भार असेल तर ही मिनिटं सुमारे १७ टक्के असतील असं प्रतिरूप सांगतं. प्रत्यक्षात ती २५ टक्के निघाली, तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जाऊन रुग्णालयाच्या दारातली वेळ आधी तपासा.